सेशन्सचे जुने दप्तर

उपविभागीय दंडाधिकारी म्हणून काम करताना मी असंख्य 'चॅप्टर केसेस' चालवल्या. शांतता राखण्याचा मुचलका लिहून घ्यायचा, कागद फायलीला लावायचा आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे. या मुचलक्याचे मूळ इंग्लंडमधील सन १३६१ च्या कायद्यापर्यंत जाते, आणि आपल्या सेशन्स कोर्टाचे नावही तिथल्या 'क्वार्टर सेशन्स'शी नाते सांगते, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. तेव्हा कुतूहलाने एसेक्स या तिथल्या शेतीप्रधान काउंटीच्या न्यायालयीन दप्तराविषयी वाचू लागलो.

एसेक्सच्या सेशन्सची बाडे सन १५५६ पासूनची आहेत. वर्षातून चार वेळा काउंटीतील 'जस्टिस ऑफ द पीस' एकत्र बसत. हे बहुतेक स्थानिक जमीनदार, बिनपगारी. चोरी-मारामारीचे खटले तर ते चालवीतच, शिवाय पुलांची दुरुस्ती, दारूगुत्त्यांचे परवाने, गरिबांचा निर्वाह हेही त्यांच्याकडेच असे. जिल्हाधिकारी आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत! १८८९ मध्ये कारभाराचा बहुतांश भाग निर्वाचित काउंटी कौन्सिलकडे गेला. न्यायालय म्हणून ही संस्था १९७१ च्या अखेरपर्यंत टिकली.

या दप्तरात मला सर्वांत बोलके वाटले ते गरिबांचे जबाब. सन १६६२ च्या कायद्यानुसार, वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात राहायला आलेला माणूस पॅरिशवर भार होईल असे वाटल्यास, चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येई. हुकूम दोन जस्टिस देत. त्याआधी त्या माणसाचा शपथेवर जबाब होई: जन्म कुठला, चाकरी कोणाकडे केली, वर्ष पूर्ण भरले का, उमेदवारी कोणाकडे केली, लग्न कधी झाले. अविवाहित नोकराला वर्षभराच्या चाकरीने वास्तव्याचा हक्क मिळे, म्हणून काही मालक वर्ष भरण्याआधीच त्याला काढीत. अविवाहित गर्भवतीला बाळंतपणापूर्वी हद्दीबाहेर घालवण्याची घाई असे, कारण अनौरस मूल जिथे जन्मेल तिथले ठरे.

हाकलले जाणारे कोण, हा प्रश्न गौण होता; त्याला पोसणार कोण, एवढाच खरा वाद. बरेच जबाब पॅरिशच्या पेटीत राहिले, आणि एका पॅरिशने दुसऱ्याविरुद्ध अपील केले की प्रकरण सेशन्सपुढे येई. सन १७३३ पर्यंत आरोपपत्रासारखे औपचारिक कागद मुख्यतः लॅटिनमध्ये असत, जबाब मात्र इंग्रजीत. आपल्याकडेही १८३७ पर्यंत कंपनीच्या राज्यात बऱ्याच ठिकाणी कोर्टाची भाषा फारसी होती, हे येथे आठवते. परिणाम असा, की ज्यांना लिहिता येत नव्हते, ज्यांच्यापाशी जमीन नव्हती, त्यांचे थोडेबहुत चरित्र आज उरले आहे ते त्यांना हुसकावण्यासाठी केलेल्या कागदांतच.

हे कागद टिकले कसे? काउंटीत 'दप्तराचा रक्षक' या अर्थाचे, 'कस्टॉस रोट्युलोरम' असे लॅटिन नाव असलेले पदच होते. प्रत्यक्ष काम 'क्लार्क ऑफ द पीस' पाही. १९३८ मध्ये एसेक्सचे अभिलेखागार स्थापन झाले. तिथले पहिले अभिलेखपाल एफ. जी. एमिसन यांनी याच दप्तरातून एलिझाबेथकालीन सामान्य जीवनावर ग्रंथ लिहिले.

आपल्या अभिलेख कक्षात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. अ वर्ग कायमचा. ड वर्ग वर्षभरात नष्ट. जागा अपुरी असते, म्हणून नाश आवश्यकच आहे, यात दुमत नाही. पण वर्गवारी आपण कार्यालयाच्या गरजेने करतो. फेरफार जपला जातो, आणि रेशनकार्डासाठी आलेल्या स्थलांतरित मजुराचा अर्ज रद्दीत जातो. तो अर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात इतिहास दिसत नाही. एसेक्सच्या जस्टिसलाही दिसला नसेल. मी स्वतः नाशाच्या याद्यांवर न वाचता सह्या केल्या आहेत.

म्हणून एक साधी सूचना: प्रत्येक तालुक्याने दर दहा वर्षांतील एका वर्षाचे ड वर्गाचे सर्व कागद, निवड न करता, जतन करावेत. चार रुमालांची जागा लागेल. पुढे कोणाला त्यात काय सापडेल, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.