फूरियेचे तरंग आणि कोसंबींचें गणित

वैशाखांत भुसावळास ज्यानें एक रात्र काढली आहे त्याला फूरियेचा प्रश्न समजावून सांगण्याचें कारण नाहीं. सूर्य मावळून चार घटका लोटतात, बाहेरचा वारा थोडा निवतो, आणि नेमकी त्याच वेळीं घराची जाड भिंत आंतल्या बाजूनें तापूं लागते. दुपारचें ऊन भिंतींतून वाटचाल करीत रात्रीं खोलींत पोंचलेलें असतें. जमिनींतही तसेंच. दिवसाचा चढउतार दोन हात खोलीवर विरून जातो. वर्षाचा चढउतार कित्येक हात खालीं उतरतो. जलद तरंग लवकर मरतो, संथ तरंग दूर जातो.

हा व्यवहार गणितांत बसवितांना जोसेफ फूरिये या फ्रेंच पंडितानें १८०७ सालीं पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें असें विधान मांडलें कीं, कसाही वेडावांकडा आलेख साध्या ज्या-तरंगांच्या बेरजेनें उभा करतां येतो. लाग्रांझला तें पटलें नाहीं. पुढें १८१२ मध्यें पारितोषिक मिळालें तेंही परीक्षकांच्या कुरकुरीसह, आणि ग्रंथ निघावयास १८२२ साल उजाडलें. लाग्रांझची शंका अगदींच पोकळ होती असें मात्र मी म्हणणार नाहीं. फूरियेचा दावा मोठा होता, सिद्धता अपुरी होती. डिरिक्लेनें १८२९ मध्यें कांहीं अटी घालून ती पुरविली.

तरीही प्रश्न उरला: हे तरंग पुरेसे आहेत काय? ज्या आणि कोज्या एकत्र बांधून गणिती त्यांना घातीय फलनें म्हणून लिहितात. एका आवर्तनाच्या लांबीवर ह्या फलनांचा संच ‘पूर्ण’ आहे, म्हणजे त्या सर्वांशीं लंबरूप असें एकही शून्येतर फलन उरत नाहीं. त्यांतलें एक काढलें तर मात्र उरलेल्या अनंतांना मिळूनही त्याची जागा भरतां येत नाहीं. १९०७ सालीं रीस व फिशर यांनीं ह्या विचारास पक्की भूमी दिली. त्याच सालीं आपल्याकडे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी निघाली, आणि गोव्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी जन्मले. योगायोगच, पण १९४३ मध्यें हे तीन धागे एकत्र आले.

मराठी वाचक कोसंबींना इतिहासकार म्हणून ओळखतो. ते तेव्हां पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत होते. त्या सालीं सोसायटीच्या नियतकालिकांत फलनावकाशांतील संख्याशास्त्रावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फूरिये तरंग आधींच ठरवितो. कोसंबींनीं प्रश्न उलटा केला. यदृच्छेनें बदलणाऱ्या राशीचें एका क्षणींचें मूल्य दुसऱ्या क्षणींच्या मूल्याशीं कितपत जुळतें तें पाहावें, आणि त्या जुळणीलाच तिचे स्वतःचे तरंग विचारावे. ही जुळणी दोन क्षणांमधील अंतरावरच अवलंबून असेल आणि तिला आवर्तन असेल, तर उत्तर म्हणून फूरियेचींच घातीय फलनें परत येतात! इतरत्र निराळे, त्या विषयाला शोभणारे तरंग मिळतात.

फिनलंडच्या कार्हुनेन यांनीं आणि लोएव्ह यांनीं हाच सिद्धांत स्वतंत्रपणें, पण मागाहून, प्रसिद्ध केला. त्यांचें श्रेय हिरावण्याचें कारण नाहीं. परंतु नांव त्या दोघांचेंच रूढ झालें, आणि अनेक दशकें तसेंच राहिलें. कोसंबींचें नांव अग्रभागीं घालण्याची पद्धत अलीकडची आहे, तीही सार्वत्रिक नव्हे. हवामानशास्त्रज्ञ हीच रीत नित्य वापरतात. भुसावळच्या अनेक वर्षांच्या रोजच्या तापमानाचीं कोष्टकें घेऊन बसलें, तर मेअखेरचा ताप आणि जूनमधील पहिल्या सरींनंतरची उतरण ह्यांना साधा ज्या-तरंग नीट बसत नाहीं. कोसंबींच्या रीतीनें मात्र मोजक्या आकारांत त्यांचें काम भागण्यासारखें आहे.