सुरक्षिततेचे गृहीतक : कोयना भूकंप (१९६७) आणि अणुऊर्जा केंद्रांची संगणकीय सुरक्षा

प्रस्तावना :
ऊर्जाप्रकल्पांच्या इतिहासात अपघाताइतकेच महत्त्व त्यापूर्वीच्या गृहीतकांना असते. सातारा-सांगली परिसराला हा धडा कोयनेने दिला. अणुऊर्जा केंद्रांच्या संगणकीय सुरक्षेचा इतिहास त्याच दृष्टीने तपासणे उद्बोधक ठरते.

कोयनेचा अनुभव :
दख्खनचे पठार भूकंपदृष्ट्या स्थिर आहे, असा दीर्घकाळ समज होता. त्यामुळे सातारा जिल्ह्यातील १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या रचनेत भूकंपाचा भार गुरुत्वीय त्वरणाच्या अवघा ०.०५ पट धरला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले व सुमारे १८० माणसे दगावली. धरणाला तडे गेले. परंतु ते टिकले, म्हणून कराडपासून सांगलीपर्यंतचा कृष्णाकाठ वाचला. पुढे धरणाचे मजबुतीकरण करण्यात आले.

‘विलगते’चे गृहीतक :
नियंत्रण यंत्रणा बाह्य जाळ्याशी जोडलेली नाही, म्हणून ती सुरक्षित आहे, हे अणुक्षेत्रातील तसेच एक गृहीतक होय. मे १९९८ मधील पोखरण चाचण्यांनंतर जूनमध्ये ‘मिलवर्म’ या किशोरवयीन हॅकरांच्या गटाने ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून ई-मेल मिळविले. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतील डेव्हिस-बेसी केंद्रात कंत्राटदाराच्या जोडणीतून ‘स्लॅमर’ शिरला व सुरक्षा-निर्देशक दर्शविणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली. सुदैवाने भट्टी तेव्हा बंदच होती. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने इराणमधील नतांझ येथील इंटरनेटपासून अलग असलेली यंत्रणाही गाठली. पेन ड्राइव्ह हे त्याच्या प्रसाराचे एक साधन होते.

भारतात २०१९ मध्ये कुडनकुलम केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातील संगणकात घातक प्रणाली आढळली. नियंत्रणाचे अंतर्गत जाळे त्यापासून अलग असल्याचे अणुऊर्जा महामंडळाने स्पष्ट केले. म्हणजे विलगता निरुपयोगी नाही. मात्र तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

निष्कर्ष :
कोयनेनंतर ‘स्थिर’ भूभागाचेही सातत्याने मापन करण्याची गरज स्पष्ट झाली. अणुकेंद्रातील विलगतेलाही हाच न्याय लावावा लागेल. कंत्राटदाराची जोडणी, पेन ड्राइव्ह व कार्यालयीन संगणक यांची नियमित तपासणी झाली, तरच विलगता हे केवळ गृहीतक न राहता सिद्ध सुरक्षा ठरेल.