लिलावाची रात्र
ओझरच्या मुक्कामी, पहाटे पिंपळगाव बसवंतच्या लिलावास निघालेल्या कांद्याच्या गाड्यांची घरघर ऐकत, पोर्तुगीज शिकण्याच्या हौसेने निद्राहीन रात्रींचे एक फादो-गीत मी पुनःपुन्हा ऐकत होतो. त्यातील ‘नोइत’ म्हणजे रात्र हा शब्द संस्कृत ‘नक्त’चा आणि ‘सोनु’ म्हणजे झोप हा ‘स्वप्न’चा दूरचा सगोत्र निघाला, तेव्हा त्या भाषेचे परकेपण निम्मे ओसरले. (‘स्वप्न’चा मूळ अर्थही निद्राच!) परंतु खरा विस्मय दाराबाहेरच होता: आपला ‘लिलाव’ हा मुळी पोर्तुगीजांचा ‘लेइलांव’, आणि तोही त्यांनी जाहीर सूचनेच्या अरबी शब्दावरून उचललेला. ‘चावी’ आणि ‘पगार’ यांची नोंदही त्याच पोर्तुगीज दफ्तरात सापडते.