करडईची फुलं आणि बाबांचा काढा

हृदयात कृत्रिम झडप बसवल्यापासून बाबा वॉरफरिन घेतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. गेल्या वर्षी दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तपासलं तर आयएनआर भलताच चढलेला. खोदून विचारल्यावर कळलं, कुणीतरी दिलेला काढा ते महिनाभर गुपचूप घेत होते. वर म्हणाले, "झाडपाल्यानं कसलं आलंय नुकसान?"

या प्रश्नामागे लागून मी थेट चीनपर्यंत पोचले.

वांग छिंगरन नावाचा एक वैद्य होता. १७९७च्या साथीत मेलेल्या मुलांची उघड्यावर टाकलेली प्रेतं त्याने निरखून पाहिली. जुन्या ग्रंथांतली शरीररचना चुकलीय, हे त्याला दिसलं. १८३०मध्ये त्याने त्या चुका दुरुस्त करणारं पुस्तक काढलं आणि त्यात ठासून लिहिलं, की हृदयात रक्त नसतंच! पण साकळलेलं रक्त मोकळं करण्यासाठी त्याने दिलेला काढा आजही वापरात आहे. त्यातली 'होंगहुआ' म्हणजे आपल्या सोलापूरकडे पिकते त्या करडईची फुलं.

१९५०च्या दशकात माओंच्या सरकारकडे डॉक्टर कमी होते आणि वैद्य भरपूर. दोन्ही वैद्यकं एकत्र आणायचं धोरण ठरलं. १९७०च्या दशकात बीजिंगमध्ये गुओ शिखुई आणि चन खजी यांनी हृदयविकारासाठी पाच वनस्पतींचं औषध वापरून पाहिलं. त्यातही करडई होती आणि 'दानशन' नावाची मुळी.

२०२३मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. चीनमधल्या १२४ रुग्णालयांत, तीव्र हृदयविकाराचा झटका आलेले ३,७७७ रुग्ण. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळाले. शिवाय निम्म्यांना 'थोंगशिनलुओ' ही पारंपरिक कॅप्सूल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना कॅप्सूलवाल्यांत ३.४ टक्के, तर इतरांत ५.२ टक्के. आकडे आशादायक आहेत. पण कॅप्सूल उपचारांच्या जोडीला होती, त्यांच्या जागी नव्हे.

आणि तीच दानशन वॉरफरिनसोबत घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. ज्या झाडपाल्यात गुण असतो, त्यात धोकाही असू शकतो. बाबांना उत्तर मिळालं.

वांग चुकला, पण त्याने जे पाहिलं ते उघड लिहिलं. म्हणून पुढच्यांना त्याची चूक सापडली. बाबांनी काढा लपवला, म्हणून आम्हाला ती रक्त आल्यावर सापडली.

आता तपासणीला जाताना बाबांच्या पिशवीत सगळ्या गोळ्या असतात. पहिल्या खेपेला काढ्याची बाटलीही होती. त्यांनी ती स्वतःच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.