पाव मैलाची गाडी

जगातली बहुतेक वाहनं कुठंतरी जाण्यासाठी केलेली असतात. एसटी कणकवलीला जाते, होडी मासळीला जाते, बैलगाडी निदान शेतापर्यंत तरी जाते. पण गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत एक अशी गाडी जन्माला आली की तिला कुठंच जायचं नव्हतं. तिला नुसतं लवकर पोचायचं होतं. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. रस्ता नाकासमोर, वळण नाही, चढ नाही, वाटेत चहाचं दुकान नाही. शेजारी दुसरी तसलीच गाडी उभी. मध्ये एक माणूस निशाण घेऊन उभा राहतो, निशाण उडतं, दोघं सुटतात आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळा कारभार आटपतो. याला म्हणतात ड्रॅग रेस.

अशा एका जुन्या, घरी बांधलेल्या गाडीची प्रतिकृती करायची मी ठरवली तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "ही गाडी कुठं जायची?"

"कुठं नाही."

"मग एवढी घाई कसली?"

ड्रॅग रेसच्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं माझ्या वाचनात नाही.

अर्थात आपण मराठी माणसांनी त्यांना हसू नये. विदर्भातला शंकरपट म्हणजे दुसरं काय? सरळ धावपट्टी, बैलांची जोडी, हातात घड्याळ आणि सेकंदांचा हिशेब. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बारी सुटते तीही काही सेकंदांचीच, आणि त्या सेकंदांसाठी वर्षभर बैलाला खुराक. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि २०२३ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं त्या बैलांना गाडी कशासाठी ओढायची ते कळलं नसेल. तेव्हा घाई हा काही अमेरिकेचा शोध नव्हे. त्यांनी फक्त बैल काढून इंजिन बसवलं.

आणि ते इंजिन कुठून आलं, इथूनच खरा इतिहास सुरू होतो. हेन्री फोर्डने १९३२ साली आठ सिलिंडरचं स्वस्त इंजिन बाजारात आणलं. २२१ घनइंचांचं, म्हणजे साधारण ३.६ लिटरचं, आणि ६५ अश्वशक्तीचं. त्याचे व्हॉल्व्ह वर डोक्यात नसून खाली ठोकळ्यात असत, त्यामुळे डोकं पाटासारखं सपाट. म्हणून लोक त्याला फ्लॅटहेड म्हणू लागले. श्रीमंताच्या गाडीतली ताकद अशी एकदम गरिबाच्या आवाक्यात आली. दहा वर्षांत या गाड्या भंगारात दिसू लागल्या. १९४५ साली युद्ध संपलं आणि विमानं नि रणगाडे दुरुस्त करायला शिकलेली विशी-बाविशीची पोरं घरी परतली. हात शिवशिवताहेत, खिशात फारसं काही नाही, आणि भंगारवाल्याकडे फोर्ड पडलेली. पुढचं सांगायला इतिहासकार लागत नाही.

ही पोरं आधी कॅलिफोर्नियातल्या वाळलेल्या तलावांच्या पात्रांत गाड्या पळवीत. १९३७ सालापासून त्यांची रीतसर संघटनाही होती. पण तलाव लांब. मग गावातल्या रस्त्यावरच रात्री शर्यती लागू लागल्या, पोलीस मागे लागू लागले, आणि वर्तमानपत्रांनी 'हॉट रॉड' हा शब्द आपल्याकडे 'टवाळ' हा शब्द वापरतात त्या सुरात वापरायला सुरुवात केली. यातून मार्ग काढला सी. जे. हार्ट नावाच्या गृहस्थांनी. १९५० साली त्यांनी दोन भागीदारांसह सांता आना इथल्या छोट्या विमानतळाची एक धावपट्टी रविवारपुरती मिळवली आणि तिकीट लावून शर्यती सुरू केल्या. हार्टना सगळे 'पॅपी', म्हणजे 'बाबा' म्हणत. त्यांच्या पत्नी पेगी हार्ट स्वतः गाडी पळवीत. हे मी घरात मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. त्यावर "त्यांच्याकडे धुणी-भांडी यंत्रं करतात," एवढाच शेरा मिळाला.

(आमच्या चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे. म्हणजे पाव मैल सहा वेळा बसतो. मी नुसता हिशेब सांगतोय, सूचना करत नाही.)

याच सांता आनाच्या पट्टीवर डिक क्राफ्ट नावाच्या तरुणाने 'द बग', म्हणजे किडा, नावाची गाडी आणली. फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीचे दोन लोखंडी दांडे, त्यावर फ्लॅटहेड इंजिन, मागे बसायची जागा आणि चार चाकं. अंगावर पत्रा जवळजवळ नाहीच. बाकीचे लोक गाडीला काय काय जोडावं म्हणजे ती जोरात जाईल या विचारात होते. या पठ्ठ्याने काय काय काढता येईल ते पाहिलं. दारं काढली, बॉनेट काढलं, दिवे काढले. गाडीने ताशी शंभर मैलांचा आकडा ओलांडला. नुसत्या दांड्यांच्या अशा गाडीला पुढे 'रेल' असं नाव पडलं, आणि या जातीची मूळपुरुष म्हणून किड्याचंच नाव घेतात.

घरी गाडी बांधायचं वेड आपल्याकडेही होतं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली 'मीरा' नावाची छोटी गाडी केली आणि पुढची वीसेक वर्षं ते तिची एकेक सुधारलेली आवृत्ती काढत राहिले. ती कारखान्यात कधी गेली नाही. साल पाहा, क्राफ्टच्या आधी एक वर्ष. फरक एवढाच की कुलकर्ण्यांना गाडीत माणसं बसवायची होती आणि क्राफ्टला सगळी उतरवायची होती. दोघांकडे कारखाना नव्हता. मला स्वतःला कुलकर्ण्यांचं काम अधिक अवघड वाटतं, कारण काढलेल्या वस्तूची दुरुस्ती करावी लागत नाही.

आता माझ्या कामाकडे येतो. प्रतिकृती करायची तर मापं हवीत, आणि घरी बांधलेल्या गाडीचा नकाशा नसतो. बांधणाऱ्याने खडूने जमिनीवर काही आखलं असेल ते पावसाने नेलं. शिवाय ही गाडी दर आठवड्याला बदले. या रविवारचं कार्ब्युरेटर पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या गाडीत दिसे. मग उरतात जुनी छायाचित्रं आणि शाळेत शिकलेलं त्रैराशिक. मॉडेल टीच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर १०० इंच हे ठाऊक आहे. फोटोत ते पट्टीने मोजायचं आणि बाकी सगळं त्या हिशेबात बसवायचं. गाडी फोटोत तिरकी उभी असली की त्रैराशिकाची पंचाईत होते, आणि फोटोग्राफरांना गाडी सरळ उभी असलेली खपत नाही.

मी एकास पंचवीस हे प्रमाण धरलं. अमेरिकेत पुठ्ठ्याच्या खोक्यातून प्लॅस्टिकचे सुटे भाग विकत मिळत, तेही बहुधा याच मापाचे. १९५८-५९ पासून त्यांचा सुकाळ झाला. त्या खोक्यांत तीन-तीन तऱ्हांचे भाग असत, म्हणजे पोराला वाटावं आपणच गाडी आखली. भंगारातून जमवलेली गाडी दहा वर्षांच्या आत छापील सूचनांसकट दुकानात आली याचं मला फार हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. तसलं खोकं मागवायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

एकास पंचवीस धरलं की १०० इंचांचे ४ इंच होतात, हे सोयीचं. बाकीचं गणित मात्र मजेदार आहे. पाव मैलाची पट्टी १६ मीटर होते, म्हणजे आमच्या ओटीपासून विहिरीपर्यंत. ताशी १०० मैलांचा वेग ताशी साडेसहा किलोमीटर होतो. लिलाव गाठायला निघालेली मासेवाली याहून सावकाश चालत नाही. आणि वजन तर लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून कमी होत असल्याने १५,६२५ पट घटतं. सातशे किलोची गाडी ४५ ग्रॅमची. चांगल्या बांगड्याच्या निम्मीही नाही.

दांड्यांसाठी लाकूड मागायला मी किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या आमच्या मेस्तरींकडे गेलो. या माणसाने आयुष्यात नकाशा पाहिलेला नाही. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत होडीचा बाक त्यांच्या डोळ्यांत आहे. त्यांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"काकानू, ह्येका टप नाय, दार नाय. ब्रेक तरी आसा मा?"

मी म्हटलं, बहुतेक गाड्यांना मागच्याच चाकांना असे.

"आणि ह्यां इंजिन फुडे कशाक? आमच्या होडयेक पाठी आसता."

मी हसलो आणि फणसाची चार बोटं रुंद फळी घेऊन घरी आलो. या प्रश्नाकडे पुन्हा येतो.

चाकांसाठी सावंतवाडीची चितारआळी. तिथली पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. फळं तर अशी की पाहुणा केळ्याला हात घालतो आणि ओशाळतो. प्रतिकृतीच्या भाषेत ती एकास एक. तिथल्या कारागिराने चरकावर तुकडा फिरवला, सोळा इंची रिम म्हणजे सव्वासोळा मिलिमीटर, आणि फिरत्या लाकडावर काळ्या लाखेची कांडी टेकवली. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढते. टायर झाला. ब्रश नाही, वाळवणं नाही. चार चाकं चहा यायच्या आत तयार. पुढची दोन बारीक, मागची दोन जाड, कारण सगळं बळ मागच्या चाकांनी जमिनीला द्यायचं असतं.

बाकीची गाडी स्वयंपाकघरातून आणि अंगणातून निघाली. धुराच्या नळ्या दोन इंची, म्हणजे दोन मिलिमीटर: माडाच्या झाडणीतला हीर. प्लगच्या तारा: जळक्या पंख्याच्या मोटरची तार. पुढच्या काळातल्या फ्लॅटहेडला एकेका सपाट डोक्यावर २४ बोल्ट असत, दोन मिळून ४८. मोहरीचा दाणा लावून पाहिला तर हिशेबाने बोल्ट दीड इंचाचा झाला, आगबोटीला शोभेलसा. खसखस चपखल बसली. अठ्ठेचाळीस दाणे चिमट्याने लावताना घरात पंखा लावायचा नाही, शिंकायचं नाही आणि कुणी 'जेवायला चला' म्हणायचं नाही, एवढेच नियम होते.

शेवटी ड्रायव्हर. पाच फूट सात इंचांचा माणूस ६८ मिलिमीटरचा होतो. तो बसवायला घेतला आणि माझी मस्करी थांबली. फोटोत हे दिसत नाही, बसवताना कळतं. मधोमध इंजिन, त्याच्या मागे क्लच आणि गिअरबॉक्स, आणि पाय ठेवायला जागा एकच: त्या गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना. मांड ठोकून बसल्यासारखं. मिनिटाला हजारो फेरे घेणारी पोलादी तबकडी पायांच्या मध्ये. ती फुटत असे. फुटली की तुकडे मिळेल त्या दिशेने जात. पुढे तिच्यावर जाड पोलादी कवच घालण्याची सक्ती झाली ती उगाच नव्हे. गाड्या लांब झाल्या, १९५४ पासून माणूस मागच्या आसाच्याही मागे बसू लागला, बेचकीतल्या दगडासारखा, पण इंजिन पुढेच राहिलं.

डॉन गार्लिट्स हा त्यातला सगळ्यांत नावाजलेला. फ्लोरिडाचा. प्रतिस्पर्ध्यांनी त्याला कुचेष्टेने दलदलीतला उंदीर म्हटलं, तर त्याने गाड्यांनाच 'स्वॉम्प रॅट' नाव देऊन क्रमांक घातले. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात सुटण्याच्या क्षणी त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने नवी गाडी मनात जुळवली. १९७१ साली ती धावली आणि जिंकली. तीत माणूस पुढे होता आणि इंजिन मागे. त्यापूर्वीही काहींनी तसं करून पाहिलं होतं, पण गाडी सरळ जात नाही म्हणून सोडून दिलं होतं; गार्लिट्सने सुकाणूचं प्रमाण मंद केलं, चाक वळवलं तरी गाडी थोडीच वळेल असं, आणि ती सरळ गेली. थोड्या वर्षांत पुढच्या इंजिनाची जात संपली.

हे सगळं मी मेस्तरींना जाऊन सांगितलं. वीस वर्षं लागली, एक पाऊल गेलं, तेव्हा त्यांना सुचलं, असं म्हटलं. मेस्तरींनी रंधा न थांबवता विचारलं, "त्येंच्याकडे होडये नाय काय?"

त्यांना १९५० ची गाडी दाखवली तेव्हा त्यांनी ती तळहातावर घेतली, एक डोळा मिटून दांड्यांच्या रेषेत पाहिलं आणि डावा दांडा उजव्यापेक्षा सुतभर वर असल्याचं सांगितलं. मी घरी येऊन फोटो भिंगाखाली धरला. फोटोतही तो तसाच आहे.

गाडी सध्या कपाटावर चितारआळीच्या फळांच्या परडीशेजारी असते. पाहुणे येतात, बसतात, इकडेतिकडे बघतात. अजून तरी सगळ्यांचा हात आधी केळ्याकडेच गेलेला आहे.