मज्जारज्जूंतील पाण्याचा मागोवा

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून तुकोबांची पालखी पंढरीची वाट धरते. त्या वाटेवर पडणाऱ्या प्रत्येक पावलामागें मेंदूची आज्ञा असते. आणि ती पायांपर्यंत पोंचविणारा मार्ग म्हणजे कण्यांतील करंगळीएवढा जाड मज्जारज्जू. मल्टिपल स्क्लेरॉसिस ह्या रोगांत शरीराची संरक्षक शक्तीच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते. आज्ञा वाटेंतच अडखळते आणि ऐन तारुण्यांत पाय जड होतात.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांत शार्को यांनीं १८६८ सालीं ह्या रोगाचें स्वरूप स्पष्ट केलें. परंतु त्याचे व्रण मरणोत्तर तपासणींतच दिसत. भारतांत हा रोग अगदीं विरळ, असा समज बरींच वर्षें होता. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनीं १९९० सालीं सहकाऱ्यासह पारशी समाजाची पाहणी प्रसिद्ध करून त्यास धक्का दिला.

तत्पूर्वीं, १९८१ सालीं, एम. आर. आय. यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूंतील व्रण दाखविले होते. तथापि एक कोडें उरलें. चित्रांत डाग थोडे, पण रोग्यास चालवत नाहीं, असेंही घडे. डागाखालीं तंतू किती शाबूत आहेत, हें कळत नसे.

त्याचा मार्ग पाण्यानें दाखविला. पाण्यांतील सूक्ष्म कण अखंड हालतात, हें ब्राउन यांनीं १८२७ सालीं पाहिलें. आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं त्याची उपपत्ति मांडली. स्टेस्कल व टॅनर यांनीं १९६५ सालीं चुंबकाच्या साह्यानें ही हालचाल मोजण्याची रीत दिली, आणि ल बिहां यांनीं १९८५ च्या सुमारास तिच्यावरून मेंदूचीं चित्रें काढलीं. शेताच्या पाटांतील पाणी पाटानेंच धांवतें. बांध फुटला कीं आडवें पसरतें. निरोगी तंतूंतही पाणी लांबीच्या दिशेनेंच सहज सरकतें, आणि आवरण व तंतु नष्ट झाले कीं आडवेंही फिरूं लागतें. बासर व सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं ह्या दिशांचें गणित बसविलें.

मज्जारज्जूपाशीं मात्र ही विद्या उशिरां पोंचली. तो बारीक, नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी भोंवतालचा द्रव हेलावतो, शेजारचें हाड व फुप्फुसांतील हवा चित्र वांकडें करतात. म्हणून नाडीशीं मेळ घालून, लहानसाच भाग टिपण्याच्या युक्त्या योजाव्या लागल्या. आजही ही तपासणी मुख्यतः संशोधनांतच आहे, आणि ती औषध नव्हे. पण नवें औषध तंतु वांचवितें कीं नाहीं, हें रोग्याचें पाऊल अडण्यापूर्वीं कळावें, ह्यासाठींच हा सारा खटाटोप चालला आहे.