ठाण्याचे ‘स्वर्गाचे द्वार’

रेल्वे, तलाव आणि मंदिरे यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाणे शहरात ज्यू धर्मीयांचेही एक जुने प्रार्थनास्थळ आहे. ‘शआर हाशामाइम’ हे त्याचे हिब्रू नाव. अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’. १८७९ साली स्थापन झालेले हे सिनेगॉग ‘बेने इस्रायल’ या मराठी भाषक ज्यू समाजाचे आहे.

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून कोकणात आले. येथे त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शब्बाथ पाळण्यासाठी ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे त्यांच्या गावांची साक्ष देतात. पुढे अनेक कुटुंबे मुंबईत आली. तेथे १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढील काळात ठाण्यातही समाजाची वस्ती स्थिरावली.

सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते. हाताने चर्मपत्रावर लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या पवित्र कपाटात ठेवलेल्या असतात. प्रार्थना हिब्रूत होते. घरातील भाषा मात्र मराठी. मंगलप्रसंगी संदेष्टा एलियाहू याच्या स्मरणार्थ पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा ‘मलिदा’ केला जातो. नववधूला मेंदीही लावतात.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर या समाजाचे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले. तेथे त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली गेली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष, म्हणजे ‘मिन्यान’, आवश्यक असतात. स्थलांतरामुळे कोकणातील अनेक गावांत ही संख्या जमविणे कठीण झाले. ठाण्यात मात्र समाज टिकून राहिला आणि बेने इस्रायलांचे ते एक प्रमुख केंद्र बनले. वास्तू दगडविटांनी उभी राहते. तिचे सिनेगॉगपण मात्र शनिवारी एकत्र येणाऱ्या त्या दहा जणांवर अवलंबून असते.